बेचाळीस नंबरचं पाकीट

गडमुडशिंगीत बयाबाईला फसवलं असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पेंडीचं पोतं दारात आलं की ती आधी काट्यावर चढवायची, मग उसवायची. गॅसची टाकी घेऊन येणारा तिच्या उंबऱ्याशी आला की स्वतःच म्हणायचा, "मावशी, काटा काढा." डॉक्टरनं दिलेली गोळी ती आधी वाटीभर पाण्यात टाकायची. विरघळली तर खरी. सगळ्या गोळ्यांना हा न्याय लागू नसतो, असं तिची लेक अनुजा तिला सांगून थकली.

साठीला टेकलेली, अंगानं काटक, शिक्षण चौथी. दारात चार म्हशी. नवरा गणपतराव ट्रक चालवायचा, तो जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा अमरसिंह टेम्पोतनं गोव्याला भाजी पोचवतो. सून संयोगिता बयाबाईच्या बरोबरीनं गोठा ओढते. आणि धाकटी ही अनुजा, बी.कॉम. झालेली, कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका क्लासच्या ऑफिसात नोकरीला.

बयाबाईचा संशय उगवला तो दुधाच्या डेअरीत. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तिच्या तेव्हाच्या म्हशीच्या दुधाला फॅट लागायची बंद झाली. साताचं दूध पाचावर आलं. बाई भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं एकाच चरवीतलं दूध दोन ठिकाणी घातलं, अर्धं आपल्या नंबरवर आणि अर्धं शेजारणीच्या. शेजारणीच्या नंबरला सात लागली, हिच्या नंबरला पाच. घाईगर्दीत तिथल्या माणसाच्या हातनं नमुन्याच्या बाटल्या मागंपुढं व्हायच्या, एवढंच निघालं. पण बयाबाईनं त्यातनं जन्माचा धडा घेतला. ती म्हणायची, "नंबर बाटलीला असतोय. दुधाला नसतोय."

हा धडा तिला नको तिथं आठवला, त्याची ही गोष्ट.

गेल्या दिवाळीनंतर अनुजाला राधानगरीकडचं स्थळ आलं. पोरगा जोतीराम, पाटबंधारे खात्यात नोकरीला, घरचं भात, ऊस, दावणीला जनावरं. पोरानं-पोरीनं फोनवर एकमेकांना पसंत केलं होतं. पौष संपला की पावणं घर बघायला येणार होते.

आता आमच्याकडं सोयरीक करताना पत्रिका मागनं, घराणं आधी. दोन्हीकडच्या जाणत्या बायका चहाची कपबशी हातात धरून सहज विचारल्यासारखं विचारतात, तुमच्यात कुणाला काय दुखणं? म्हैस घेताना जशी शेपटीपासनं शिंगापर्यंत बघावी तसं. खुद्द बयाबाईनं संयोगिताला बघायला गेल्यावर तिच्या चुलत्याला मोतीबिंदू कितव्या वर्षी झाला इथवर चौकशी केली होती. त्यामुळं आपल्यालाही विचारणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तिच्याकडं लपवण्यासारखं एक दुखणं होतं.

तिची थोरली बहीण शालूबाई. बारा वर्षांमागं गेली, गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं. घरात तो शब्द कुणी काढत नव्हतं. 'पोटाचं दुखणं झालतं' एवढंच म्हणायचं. आणि दुसरी गोष्ट तर बयाबाईनं कुणालाच सांगितली नव्हती. पाळी जाऊन आठ वर्षं झालेली, आणि दसऱ्यापासनं तिच्या कपड्यावर पुन्हा डाग पडायला लागले होते.

अशात एका सकाळी गावची आशाताई प्रियदर्शनी दारात आली. खांद्यावरच्या झोळीत पाकिटं, हातात वही.

"काकू, कोल्हापुरातल्या डॉक्टरबाई अभ्यास करायल्यात. जन्मतःच बायकाबायकांच्या अंगात बारीक बारीक फरक असत्यात. त्यापायी एकीला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर हुतो आन दुसरीला न्हाय, असं काय हाय का, ते बघायचं हाय. घरात कुणाला झालता अशा बायका पयल्यांदा पायजेत."

"आमच्यात झालता म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"सगळ्या गावाला ठावं हाय की, काकू."

"गावाला ठावं हाय. राधानगरीला न्हाय."

प्रियदर्शनीनं वही मिटली आणि खाली बसली. या बाईला उभ्यानं पटवता येत नाही हे तिला माहीत होतं. तिनं दोन पाकिटं काढली, एक बयाबाईसाठी, एक संयोगितासाठी. प्रत्येकात दोन नळ्या. एकीत सकाळी उठून थुंकी टाकायची, त्यातनं जन्मजात फरक कळतात. दुसरीत बारीक ब्रश होता. तो आपला आपण आतनं फिरवून नळीत बुडवायचा, त्यातनं विषाणू कळतो. डॉक्टरपुढं उघडं व्हायला नको, घरच्या न्हाणीत काम होतंय.

बयाबाईनं पाकीट उलटंपालटं केलं. "हेच्यावर नाव कुठं हाय?"

"नाव न्हाय. नंबर. तुमचा एक्केचाळीस, वहिनींचा बेचाळीस. कुठला नंबर कुणाचा ते माझ्या वहीत."

"म्हंजे तुझी वही घावली की सगळ्यांचं सगळं घावलं."

"वही माझ्या पेटीत कुलपात असती."

"कुलूप कितीचं?"

संयोगितानं पदर तोंडाला लावून हसू दाबलं. मग प्रियदर्शनीनं दिलेला संमतीचा कागद तिनं सासूला वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, थुंकीतल्या तपासणीचा एकेकीचा वेगळा निकाल कुणालाही दिला जाणार नाही, हजार बायकांचा हिशोब एकत्र मांडला जाईल. विषाणूचा निकाल मात्र जिचा तिला कळेल.

"कुणालाच सांगायचं न्हाय, मग घेताय कशाला?" बयाबाई म्हणाली. पण कागदावर सही केली. प्रियदर्शनीला नवल वाटलं. तिला डागांचं ठाऊक नव्हतं.

बयाबाईला आपल्या अंगात काय चाललंय ते कळायला हवं होतं, फक्त ते आपल्या नावावर नको होतं. आणि निकाल कुणाला देणार नाही, या कागदावर तिचा विश्वास नव्हताच. नळी आपली, नंबर दुसऱ्याचा. शालूबाईच्या रक्ताचा काय दोष निघायचा तो निघू दे बेचाळीस नंबरवर, म्हणजे संयोगिताच्या माहेरच्या रक्तात. तिचं लग्न झालंय, दोन पोरं झालीत, तिचं आता कोण काय मोडणार? एक्केचाळीस निर्मळ राहिला की अनुजाचं घराणं निर्मळ. आणि बेचाळीसचं वाईट आलंच, तर आपण गुपचूप दुसऱ्या दवाखान्यात जाऊ. संयोगिताचं तपासून काही निघायचं नाही, तिचं काय जातंय?

दुसऱ्या दिवशी धारा काढायच्या आधी तिनं एक्केचाळीस सुनेच्या हातात दिलं आणि बेचाळीस घेऊन स्वतः न्हाणीत गेली. संयोगितानं नंबर बघितलाही नाही. सासूवर संशय घ्यायची त्या घरात पद्धत नव्हती. संशयाचं काम सासूच बघायची.

तीन आठवड्यांनी निकाल आला. त्या दिवशी अमरसिंह घरीच होता, टेम्पोचं चाक काढून बसलेला. प्रियदर्शनी संयोगिताला बाजूला घ्यायला बघत होती, पण तो म्हणाला, "हितंच सांग की. काय गुपित हाय?"

"वहिनी, तुमच्या नळीत विषाणू घावलाय. एचपीव्ही म्हणत्यात. कॅन्सर न्हवं ह्यो, भिऊ नगा. पर राजारामपुरीत जाऊन दुर्बिणीनं तपासून घ्याय पायजे."

"आन माझं?" बयाबाईनं विचारलं.

"तुमचं काय न्हाय, काकू. एकदम चांगलं."

बेचाळीस कुणाचं ते बयाबाईला ठाऊक होतं. तोंडानं ती म्हणाली, "बरं झालं."

अमरसिंहानं पाना खाली ठेवला. "कशानं हुतोय ह्यो विषाणू?"

प्रियदर्शनीला खरं सांगायची शिकवण होती. "नवराबायकोच्या संबंधातनं येतोय. धा-धा वर्षं अंगात गप बसतोय. कुणाकडनं कुणाला, कवा आला, कुणालाच सांगता येत न्हाय. लई बायकांना हुतो आन आपोआप जातोय."

पण अमरसिंहानं पहिलं वाक्य ऐकलं आणि पुढचं त्याच्या कानात शिरलंच नाही.

"मला तर काय झालं न्हाय."

"पुरुषाला कळत न्हाय, भाऊ."

"मला कळतंय," तो म्हणाला.

त्या दिवसापासनं घरातलं बोलणं आटलं. अमरसिंह बायकोचा फोन उचलून नंबर बघायला लागला. दूध घालायला जायला एवढा वेळ का, विचारायला लागला. संयोगिताही काही मुकी नव्हती. एकदा भाकरी थापता थापता मान न वळवता म्हणाली, "गोव्याला कोण जातंय? मी का तुमी?" त्यानं ताट सरकवलं. पुढचे आठ दिवस दोघं एकमेकांशी म्हशींच्या नावानं बोलत होते. दवाखान्यात जायचं नाव कुणी काढेना. अमरसिंहाला लाज वाटत होती आणि संयोगिताला भीती.

बयाबाई सगळं बघत होती आणि गप होती. डाग चालूच होते. लेकाचं ते फोन बघणं तिला ओळखीचं वाटत होतं. इतकी वर्षं ती सगळ्या जगाकडं तसंच बघत आली होती. फक्त ती पेंडीकडं बघायची, हा बायकोकडं बघत होता.

मग एका सकाळी अमरसिंह म्हणाला, "हिला माहेरी सोडून येतो. पौष संपत आला. पावणं यायच्या आधी घर शांत पायजे."

संयोगिताचं माहेर राधानगरीच्याच बाजूला, जोतीरामच्या गावापासनं दोन कोसांवर. तिनं पिशवी भरली आणि गोठ्यात आली. बयाबाई काळ्या म्हशीच्या कासेला बसली होती.

"आत्ती, पेंड भिजवून ठेवलीया. त्या रेडीला जरा लांबनं घाला, ती शिंग मारती." मग थोडं थांबून म्हणाली, "एक करा. मी पोचायच्या आदी माझ्या आयला फोन लावू नगा. काय झालंय ते माझं मी सांगतो."

चरवीत धार पडायची थांबली.

आता बयाबाईला सुनेची दया आली म्हणून ती बोलली, की सून माहेरी गेली तर ही बातमी आठ दिवसांत जोतीरामच्या आईच्या कानावर जाईल या भीतीनं बोलली, हे तिचं तिलाच ठाऊक. दोन्ही असेल. चरवी बाजूला ठेवून ती म्हणाली, "कुठं जाऊ नगंस. बेचाळीस माझं हाय. मी पाकिटं बदलली."

संयोगिताला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं विचारलं, "का?"

"अनुजाच्या सोयरिकीपायी. म्हटलं दोष निघाला तर तुझ्या माहेरचा निघंल."

संयोगिता तशीच बाहेर गेली आणि अमरसिंहाला हाताला धरून गोठ्यात घेऊन आली. "सांगा आता ह्यास्नी."

बयाबाईनं सांगितलं. अमरसिंहानं ऐकलं आणि मान हलवली. "खोटं बोलतीस, आई. हिला वाचवाय बोलतीस. तुझ्या वयात कुठनं येणार असलं?"

जन्मभर दुसऱ्यावर विश्वास न ठेवणाऱ्या बाईवर आज पोटचा पोर विश्वास ठेवीना. तिनं हात पदराला पुसले. "तुझा बाप मुंबईपातूर ट्रक नेत हुता. त्याला मी कवा इचारलं न्हाय. तूबी हिला इचारू नगंस. उद्या दोघीबी राजारामपुरीला जातो. काय ते तितं निघंल."

अमरसिंह टेम्पोचं चाक बसवायला गेला. दिवसभर त्यानं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सासू-सून प्रियदर्शनीला घेऊन केएमटीच्या बसनं राजारामपुरीत उतरल्या. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान. अभ्यास करणाऱ्या डॉक्टर त्या याच, प्राची मगदूम, चाळिशीतली, सडपातळ बाई, घरचं गाव हातकणंगल्याकडचं. त्यामुळं हिशोब गावाकडच्या भाषेत सांगता यायचा. पाकिटांचं ऐकून त्या आधी भडकल्या.

"काकू, हिला मी तपासलं असतं, काही निघालं नसतं, आणि 'सगळं ठीक आहे' म्हणून घरी पाठवलं असतं. आणि खरं दुखणं घेऊन तुम्ही घरात बसला असता. दुसरीकडं जाणार होता म्हणता. गेला असता?"

गेली नसती, हे बयाबाईला माहीत होतं. निकाल येऊन इतके दिवस झाले तरी गेली नव्हती.

"रक्तात दोष निघाला असता तर पोरीचं लगीन मोडलं असतं की," ती शेवटी म्हणाली.

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "म्हशी किती तुमच्याकडं?"

"चार."

"गावात लाळ-खुरकत आली होती?"

"चार सालामागं."

"चारी म्हशींना झाली?"

"दोनींना. पाणी एकच, दावण एकच. काळीला तर कायसुदिक झालं न्हाय."

"हेच मी शोधतेय. हा विषाणू बायकांत फार. दहाजणींना झाला तर नऊजणींच्या अंगातनं निघून जातो. एखादीच्या अंगात ठिय्या मारून बसतो आणि वर्षानुवर्षांनी त्याचा कॅन्सर होतो. ती एखादी कोण? थोडं कारण जन्मजात असावं. विषाणू ओळखून हाकलायची ज्याची त्याची ताकद वेगळी, आणि ती थोडीफार आईबापाकडनं येते. बहिणीला झाला असेल तर तुमची जोखीम थोडी जास्त. पण थोडीच. विषाणूशिवाय हे दुखणं बहुतेक होतच नाही. तंबाखू, मिश्री हेही त्याला जोड देतात. मिश्री लावता?"

"लावतो."

"बंद करा."

"म्हंजे दोष रक्ताचा न्हवं?"

"दोष कुणाचाच नाही. कुणाची राखण कडक, कुणाची ढिली, एवढंच. आणि ज्याची राखण ढिली त्यानं घराला कुलूप घालावं. तुमच्या लेकीला लस द्या, लग्नाआधी दिली तर उत्तम. तिशीनंतर तपासणी करत राहायची. हिनंही करायची." त्यांनी संयोगिताकडं बोट केलं.

बयाबाईला अर्धं पटलं. म्हशीचं होतं तेवढं पटलं. बाकीच्यावर तिनं डोळे बारीक केले. "लशीत काय असतंय?" इथनं सुरू करून तिनं डॉक्टरांना बारा प्रश्न विचारले. नळ्या पुन्हा घेताना नर्सनं चिकटवलेल्या नंबराच्या खाली तिनं स्वतःच्या हातानं पेनानं लिहिलं, बयाबाई. आणि संयोगिताच्या नळीवर तिलाच लिहायला लावलं. मग दोन्ही नळ्या पेटीत जाईपर्यंत ती दारात उभी राहिली.

संयोगिताची नळी निर्मळ निघाली. बयाबाईच्या तपासणीत दुर्बिणीखाली पांढरा चट्टा दिसला, तुकडा काढून पाठवला. कॅन्सरच्या अलीकडची पायरी निघाली. डॉक्टरांनी विजेच्या तापत्या तारेनं तेवढा भाग कापून काढला. संध्याकाळी बाई घरी आली. दोन आठवड्यांनी कागद आला, कडा स्वच्छ आहेत, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. डाग थांबले. अमरसिंहानं बायकोला काय सांगितलं ते कुणी ऐकलं नाही. पण गोव्याहून येताना त्यानं तिला साडी आणली आणि तिनं महिनाभर तिची घडी मोडली नाही.

माघात पावणं आले. जोतीराम, त्याचा मामा आणि आई. आई जाडजूड, कपाळभर कुंकू, बोलायला सावध. चहा झाला, गोठा बघून झाला. मग कपबशी हातात धरून त्या बाईनं विचारलंच.

"बाकी तुमच्यात कुणाला काय दुखणं-बिखणं?"

संयोगिता रिकामा ट्रे घेऊन दारात उभी होती. बयाबाईनं तिच्याकडं बघितलं. तोंडावरनं काहीच कळेना. बयाबाईनं मनात हिशोब केला. आज ही गप बसंल. उद्या कुठल्या तरी भांडणात बोलंल. तिनं बोलण्यापरास आपण बोललेलं बरं.

"माझी थोरली भण गर्भपिशवीच्या कॅन्सरनं गेली," ती म्हणाली. "मलाबी त्येची सुरवात हुती. ह्या म्हैन्यात कापून काढली. अनुजाला लशीची एक सुई झालीया, दोन राहिल्यात."

जोतीरामच्या मामानं कपबशी खाली ठेवली. अनुजा आतनं ऐकत होती. तिनं डोळे मिटून घेतले.

"मग पोरीलाबी…" जोतीरामची आई बोलता बोलता थांबली.

"हुईल न्हायतर न्हाय हुणार. डॉक्टर म्हणत्यात लस आन तपासणी केली तर बहुतेक न्हाय. तुमच्यात कुणाला हाय?"

"आमच्यात कुणाला काय न्हाय."

"न्हाय, का कुणी तपासलंच न्हाय?"

पावणं उठले. "कळवतो," मामा म्हणाला.

गाडी गेल्यावर संयोगिता कपबशा गोळा करत म्हणाली, "आत्ती, मी बोलणार न्हवतो."

"मला काय ठावं?"

"न्हवतो."

"बरं," बयाबाई म्हणाली. विश्वास तिला बसला नव्हता आणि संयोगितानंही तो मागितला नाही.

अनुजा दोन दिवस आईशी बोलली नाही. पाचव्या दिवशी जोतीरामच्या आईचा फोन आला. पोरीला काही होणार नाही असा डॉक्टरचा दाखला मिळेल का, असं त्या विचारत होत्या. बयाबाईनं डॉक्टर प्राचींना फोन लावला. त्या म्हणाल्या, असला दाखला जगात कुणी देत नाही, देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बयाबाईनं तेच तसंच राधानगरीला कळवलं आणि वर म्हणाली, "तुमच्या जोतीरामाचा असला तर द्या धाडून. मग मीबी बघतो."

पलीकडं टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला. मग ती बाई म्हणाली, "पोरगं ऐकत न्हाय. म्हणतंय करीन तर हीच. अक्षयतृतीयेला सुपारी फोडूया. आन त्या तपासणीवाल्या डॉक्टरबाईचा नंबर धाडून द्या मला."

अनुजानं आईच्या हातातनं फोन ओढून घेतला आणि आत पळाली. अमरसिंहानं पेढे आणायला गाडी काढली. बयाबाई ओट्यावर तशीच बसून राहिली.

"काय झालं, आत्ती? झालं की मनासारखं," संयोगिता म्हणाली.

"इतक्या लौकर कशी व्हय म्हणाली?" बयाबाई म्हणाली. "त्यांच्यात काय तरी हाय. तुझं म्हायार जवळ हाय न्हवं तितनं? आयला फोन लाव. चौकशी कराय सांग."